दारवाली

जिन्याच्या वरच्या पायरीवरून तिचं मुंडकं गडगडत निघालं, वळणावर कठड्याला आपटून क्षणभर थांबलं, मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा निघालं आणि थेट पडद्याच्या कडेशी येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून स्थिर झालं. सभागृहात टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात होता, तो तिथेच राहिला. शेजारी नवऱ्याने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते, पण बोटांच्या फटीतून त्याला सगळं दिसत असावं, कारण तो हळूच म्हणाला, "अगं, ही तू आहेस."

"दिसतंय मला."

"नाक तर हुबेहूब."

"गप बसा हो."

सिनेमा सुरू होऊन अजून नावंही पुरती येऊन गेली नव्हती. एक म्हातारी बाई पाठमोरी, खिडकीच्या कड्या तपासत फिरत होती. तिचं तोंड एकदाही दाखवलं नव्हतं. मग जिन्यावर पावलं, मग वेल्डिंगचा मुखवटा घातलेला तो, मग हे. आणि आता ते तोंड पडद्यावर पसरलं होतं, एका भिंतीएवढं, आणि कॅमेरा काही केल्या हलत नव्हता. चष्म्याच्या दुकानात तिचा सगळा दिवस लोकांच्या तोंडांकडे बघण्यात जायचा. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाईक बसलं की नाकाची बैठक, दोन डोळ्यांमधलं अंतर, कोणता कान खाली, हे न बघता तिला राहवायचंच नाही. त्याच सवयीने तिने या तोंडाकडे पाहिलं. नाक तिचं, हनुवटी तिची, डाव्या भुवईचं टोक जरा वर, तेही तिचं. पण सुरकुत्या? सुरकुत्या कुणाच्या? कपाळावर आडव्या खोल रेघा होत्या, दोन भुवयांमध्ये चिमटा काढल्यासारख्या दोन उभ्या, आणि तोंडाचे कोपरे खाली ओढून नेणाऱ्या दोन चऱ्या. तिने अंधारात पॉपकॉर्नचं मीठ लागलेलं बोट आपल्या कपाळावरून फिरवलं. कपाळ जवळजवळ कोरं होतं. तिच्या सुरकुत्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत होत्या, पंख्यासारख्या, आणि गालांवर, जिथे हसताना मांस गोळा होतं तिथे. हे पडद्यावरचं तोंड तीस वर्षं घाबरून जगलेल्या बाईचं होतं. कुणीतरी बसून, विचार करून, मन लावून तिला म्हातारी केलं होतं, आणि ती कशी म्हातारी झाली असेल हे स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मान कापली याचं तिला तितकंसं काही वाटलं नाही. या प्रकारच्या सिनेमात माना कापायच्याच असतात. पण त्या दोन उभ्या रेघांवरून तिची नजर हटेना.

पहिला सिनेमा आला तेव्हा तो कुणी फारसा पाहिला नव्हता. मग हळूहळू पोरापोरांत पसरला, एकाकडून दुसऱ्याकडे, घरी कुणी नसताना बघण्याची वस्तू म्हणून. एका रिकाम्या बंगल्यात काही तरुण मंडळी राहायला जातात आणि वेल्डिंगचा मुखवटा घातलेला माणूस त्यांना एकेक करून संपवतो, एवढीच गोष्ट. शेवटी एक मुलगी उरते. ती रक्ताने माखलेली, मागे तो, आणि समोर दार. ती दार उघडते आणि जाते. बस. पुढे नुसतं उघडं दार आणि उजेड. ती मुलगी म्हणजे ही. लोक तिला दारवाली म्हणू लागले. "एक उकार जास्त लागला तर लोकांना वाटायचं घरी भट्टी लावलीय," असं नवरा नव्या नव्या लग्नात सगळ्यांना सांगायचा आणि आपणच हसायचा. नंतर तिला दोन-चार किरकोळ कामं मिळाली, कुणाची बहीण, कुणाची नर्स, आणि मग ती बंद झाली. तिला त्याचं दुःख झालं नाही असं नाही, पण ते दुःख तिने फार दिवस सांभाळलं नाही. दुकान तिचं झालं. अजूनही कधी कधी एखादा टकलू गृहस्थ चष्मा लावून बघता बघता आरशातून तिच्याकडे टक लावायचा आणि लाजत म्हणायचा, "तुम्ही त्याच ना? एकदा ओरडा ना तशा." ती म्हणायची, "आधी खालची ओळ वाचा."

पडद्यावर आता नवी मंडळी बंगल्यात शिरत होती. गोरीगोमटी, छान दातांची. तिचं लक्ष लागेना. ते तोंड गेलं होतं, पण डोळ्यांपुढून जात नव्हतं.

त्या तोंडाचा साचा पहिल्या सिनेमाच्या वेळी रंगाऱ्याने घेतला होता. रंगारी म्हणजे पहिल्या सिनेमाचं रक्त, जखमा, तुटके हात, सगळं बनवणारा माणूस. मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. संहितेत तिचंही मरण होतं. ती दारापाशी पोचते, कडीला हात लावते, आणि तो मागून तिचे केस धरतो. मग मुंडकं पायऱ्यांवरून खाली. त्या मुंडक्यासाठी साचा. रंगाऱ्याने तिला खुर्चीत बसवलं, केसांवर प्लॅस्टिकची टोपी ओढली, भुवयांना व्हॅसलीन फासलं, नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि दाताचे डॉक्टर वापरतात तसला गार, पुदिन्याच्या वासाचा लगदा तोंडावर थापला. वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. कान बुजले, डोळे बुजले. आत फक्त आपलाच श्वास, नळीतून शीळ घातल्यासारखा. "घाबरायचं नाही," रंगाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा आला, "माझा हात धर. जीव गुदमरला तर दाब, मी लगेच फोडतो." आणि मग तिला धीर यावा म्हणून तो बोलत राहिला. त्याच्या सासऱ्याचा दात पाडून घेण्याचा किस्सा. सासरे खुर्चीतून उठून पळाले आणि डॉक्टर हातात चिमटा घेऊन मागे, आणि मागून सासूबाई, "अहो, पैसे दिलेत आधीच!" ती हसली. लगदा गालांवर सुरकुतला. साचा फुकट. "बाई गं, मेलेलं तोंड पाहिजे मला," रंगारी म्हणाला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी तो काहीच बोलला नाही. पण तो बोलत नाही याचंच तिला हसू येत होतं, सासूबाई राहून राहून धावत होत्या, आणि लगदा सुकेपर्यंत तिने ते हसू दातांखाली, ओठांखाली, गालांच्या आत दाबून धरलं. तेच साच्यात उतरलं. तिच्या त्या तोंडावर जो ताण होता, ओठ मिटलेले, नाकपुड्या किंचित फुगलेल्या, तो भीतीचा नव्हता. आज सकाळच्या पेपरात कुणी समीक्षकाने लिहिलं होतं की दुसऱ्या भागातल्या त्या चेहऱ्यावर "गोठलेली दहशत" आहे. तिने ते चहा पिताना वाचलं होतं आणि कुणाबद्दल आहे ते तिला कळलंच नव्हतं.

ते मुंडकं कधी वापरलं गेलं नाही. रबराचं होतं, उन्हाळ्यात विरघळून गेलं. प्लास्टरचा साचा मात्र रंगाऱ्याने तिला लग्नात भेट दिला, वर लाल फीत बांधून. माळ्यावर तो किती वर्षं पडून होता. मागच्या वर्षी भाचा आला. धाकट्या बहिणीचा मुलगा, लहानपणी गोल गरगरीत, म्हणून ढब्बू. आता दाढी होती, पोट गेलं होतं, पण नाव राहिलं होतं. तो सिनेमे काढणाऱ्या एका कंपनीत लिहायला लागला होता आणि हा दुसरा भाग त्याचाच होता, त्याच्या आयुष्यातला पहिला. त्याने तिच्यासाठी भूमिका लिहून आणली होती. तिने पहिली पानं वाचली. दारवाली म्हातारी झालेली, एकटी, घराला कड्याच कड्या, रात्री झोप नाही, दिवसा बाहेर पाऊल नाही. तिने पानं नीट जुळवून परत दिली आणि म्हणाली, "मला जमायचं नाही रे. दुकान कोण बघणार?" खरं ते बोलली नाही. पोराचा चेहरा बघून जीभ वळली नाही. त्याने मान हलवली. जाताना माळ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, तो साचा नेऊ?" तिला वाटलं, आठवण म्हणून हवा असेल, टेबलावर ठेवेल, पेनं-बिनं खोचेल. "ने की," ती म्हणाली, "धूळ खातोय तिथे." आणि स्वतः स्टूल धरून उभी राहिली.

आणि आज सकाळी त्याचा फोन. "मावशी, खेळ संपल्यावर तुला स्टेजवर बोलावतील. पत्रकार आहेत, कंपनीचे मोठे लोक आहेत. डायरेक्टर मास्तर गेले, रंगारी गेला, वेल्डरकाकांना आता कुणी ओळखू येत नाही. पहिल्यातलं विचारावं असं तूच राहिलीस. तू फक्त एवढंच म्हण, पहिल्याच्या तोडीचा झालाय. एक वाक्य. त्याच्यावर माझं पुढचं काम आहे, खरंच आहे." ती म्हणाली होती, "बघू तर आधी." तो म्हणाला, "बघशीलच. पण म्हण."

म्हणून ती बघत होती. अगदी प्रामाणिकपणे, दुकानात काच तपासावी तशी, उजेडाकडे धरून. आणि तिला कबूल करावं लागत होतं की पुष्कळ गोष्टी पहिल्याहून चांगल्या होत्या. रक्त तर कितीतरी चांगलं. पहिल्यातलं रक्त साखरेच्या पाकाचं होतं, गुलाबीकडे झुकणारं. दुपारपर्यंत मुंग्या यायच्या, आणि एका प्रेताच्या मानेवर त्या चढताना सिनेमात अजून दिसतात. एक मेलेला मुलगा डोळे मिचकावतो. आरशात दिवा धरणाऱ्याचं कोपर दिसतं. वेल्डरचं काम करणारा माणूस म्हणजे एका दवाखान्यातला कंपाउंडर, इतका भिडस्त की प्रत्येक भोसकाभोसकीनंतर मुखवटा वर करून विचारायचा, "ताई, लागलं नाही ना?" आणि इथे? इथे हाड मोडलं की आपल्या मनगटात कळ येत होती. अंधार खरा अंधार होता. पोरं सुरेख मरत होती. मग आपल्याला काय खुपतंय? तिने स्वतःला विचारलं. म्हातारपण? आपण केलं ते सोनं आणि बाकीच्यांचं पितळ, हा सगळ्याच म्हाताऱ्यांचा आजार, तो आपल्यालाही झालाय का? ढब्बूला एक वाक्य हवंय. त्याला कडेवर घेऊन आपण फिरलोय. एक वाक्य बोलायला काय लागतं? पण शेजारी कुणी किंचाळलं की तिला पुन्हा त्या दोन उभ्या रेघा दिसत, आणि आतून कुणीतरी पाय रोवून म्हणे, नाही.

कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, मूळ संहितेतला शेवट, जो तेव्हा राहून गेला, तो आता पाहा. राहून गेला. जसं काही बिल भरायचं राहून गेलं. तो राहून गेला नव्हता. शेवटचा दिवस होता, शेवटचं रीळ कॅमेऱ्यात, फिल्म तेवढीच उरलेली. दारापाशी खडूने फुली मारली होती. तिथे तिने थांबायचं, कडीला हात लावायचा, आणि कंपाउंडरने मागून केस धरायचे. त्याला त्या काळ्या काचेतून काही दिसत नसे, तो पावलं मोजून यायचा. ती धावली. फुली आली. तिला फुली दिसली. मास्तर "थांब" असं ओरडले तेही तिने ऐकलं, अगदी स्वच्छ. पण कडी हाताला लागली आणि कडी सरकली. खोटं दार असेल अशी तिची समजूत होती, पण ते खरं होतं, भाड्याच्या बंगल्याचं खरं दार, आणि ते उघडलं. मागे कंपाउंडर हवेत मूठ मिटत राहिला. ती थांबली नाही. मास्तरांनी तेव्हा तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण फिल्म धुऊन आल्यावर, पडदा पांढरा झाल्यावरसुद्धा बराच वेळ ते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "पोरगी गेली. आता गेलीच."

दिवे लागले. टाळ्या चांगल्या वाजल्या, कुणी उभेही राहिले. नवरा डोळे चोळत म्हणाला, "संपले का सगळे?" तेवढ्यात कंपनीची बाई माइक घेऊन स्टेजवर आली, चुणचुणीत, लाल कपड्यांतली, आणि दारवालीला बोलावून घेतलं गेलं. पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरला. भाचा स्टेजच्या कडेला उभा होता, हात खिशात, आणि ओठ हलवून ते वाक्य तिला पुरवत होता, शाळेच्या नाटकात तिने त्याला पुरवलं होतं तसं.

"मॅडम, सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायचीय," बाई म्हणाली. "पहिल्याच्या तोडीचा झालाय ना?"

"नाही," ती म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. माइक तोंडाच्या फार जवळ होता. कुणीतरी हसलं, गंमत असेल असं समजून. बाईही हसली. "म्हणजे त्याहून भारी?"

"नाही. तोडीचा नाही. रक्त आमच्यापेक्षा चांगलं आहे. आमच्या रक्ताला मुंग्या लागायच्या." पुन्हा हसू. "पोरांनी कामं छान केलीत. मला भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. आणि तुम्ही त्या बाईला मारलंत, तेही चालेल. सगळेच मरतात. पण ती तीस वर्षं भीत बसली होती, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?"

तिला घाम आला होता. आता थांबावं, आभार मानावे आणि उतरावं, असं तिला वाटलं. पण जीभ थांबली नाही.

"मी दार उघडून गेले तेव्हा बाहेर काय होतं, हे कुणी कधी दाखवलं नाही. दुपार होती. मी दिवेवाल्यांच्या मधून पळाले, फाटकातून रस्त्यावर. नखशिखांत लाल. पुढच्या घरापाशी एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने मला पाहिलं, तोंडातला चिमटा काढला आणि म्हणाली, 'अगं, काय झालं? ये, बस.' मी म्हटलं, 'काही नाही, सिनेमा आहे.' तर म्हणते, 'असू दे, पाणी तरी पी.' मी तिच्या ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले आणि मला इतकं हसू आलं, इतकं, की तीही हसायला लागली. कशाला ते तिला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी लग्न केलं, जाड झाले, लोकांना चष्मे विकले, रात्री घोरत झोपले. विचारा ह्यांना. घरातून सुटलेली बाई आयुष्यभर त्याच घरात राहते, असं तुमचा सिनेमा म्हणतो. आमचा असं म्हणत नव्हता. म्हणून हा तोडीचा नाही."

"एकदा किंकाळी!" मागून कुणी पोरगा ओरडला. बाईने बुडत्याला ओंडका सापडावा तसं ते धरलं. "हो मॅडम, प्लीज, एकदा ती जगप्रसिद्ध किंकाळी!"

"नाही," दारवाली म्हणाली आणि माइक बाईच्या हातात दिला.

भाच्याने तिला पडद्यामागच्या बोळात गाठलं. तिथे रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या होत्या. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी रडण्याआधी व्हायचे तसे.

"मावशी, बुडवलंस मला."

"बुडवायला नव्हते आले रे."

"एक वाक्य मागितलं होतं. एक! लोक आईबापाच्या पडेल नाटकाला 'वा वा' करतात. तुला काय झालं होतं?"

"परक्याचा असता तर 'छान आहे' म्हणून चहा पिऊन घरी गेले असते," ती म्हणाली. "तुझा आहे."

"मग तेव्हा का नाही बोललीस? पानं परत दिलीस ती दुकानाचं निमित्त सांगून. ती कपडे वाळत घालणारी बाई, ते पाणी... हे मला एकदाही सांगितलं नाहीस."

त्याचं खरं होतं. "तेव्हा मला धीर झाला नाही," ती म्हणाली. "तू विचारलंही नाहीस. दोघंही चुकलो. पण म्हणून आज खोटं कसं बोलू?"

"सोपं असतं ते."

"तुझ्या सिनेमात ती बाई कड्या तपासत फिरते ना, सुरुवातीला, पाठमोरी. ते तू चांगलं लिहिलंयस. तिचे खांदे बघून मला तिची दया आली. ती मी नाही एवढंच. तिला तिचं स्वतःचं तोंड द्यायचं होतंस."

बोळाच्या टोकाशी लाल कपडेवाली बाई आली, म्हणाली, "सर, साहेब विचारतायत. मॅडमनी कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हटलं की गंमत करत होते, तर सावरता येईल. दोन मिनिटांचं काम." भाच्याने मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, राग होता, आणि खाली कुठेतरी तो कडेवरचा गोळाही होता, आणि तोच तिला सोसवेना. तिने नाही म्हणून मान हलवली. तो वळला आणि बाईच्या मागोमाग निघून गेला, येतो म्हणाला नाही, पाया पडला नाही, कधी नव्हे ते.

बाहेर ऊन होतं. नवरा पायऱ्यांवर तिची पर्स छातीशी धरून उभा होता.

"आता महिनाभर येणार नाही तो," तो म्हणाला.

"जास्त."

"बहिणीचा फोन येईल आज. तयारीत राहा."

"येऊ दे."

ते दोन-चार पायऱ्या उतरले. तिने कठडा धरला. नवऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"वाईट वाटतंय?"

"खूप."

"मग जायचं का परत आत? दोन मिनिटांचं तर काम. पोराला बरं वाटेल."

तिने डोळे पुसले, चष्मा नीट बसवला.

"नाही," ती म्हणाली आणि कठडा सोडून रस्त्यावर उतरली.